गालाची आतली बाजू

"तीन बोटं जुळवून उभी धरा आणि आपापल्या तोंडात घाला," मी म्हटलं, आणि अख्खा वर्ग हसायला लागला.

तीन बोटं तोंडात घालून हसणं तसं अवघड. कुणाला ठसका लागला, कुणाची लाळ ॲप्रनवर सांडली, मागच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांचे फोटो काढले. मी कुणाला आवरलं नाही, कारण मला तेच हवं होतं. निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात, हे पाठ केलेलं वाक्य परीक्षेपर्यंत टिकतं. स्वतः करून बघितलेलं माणूस विसरत नाही. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं होती आणि रुग्णाचं तोंड कसं तपासायचं ते मी त्यांना शिकवत होते. बाकांमधून फिरताना खिडकीजवळ एक मुलगी दिसली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तुझी बोटं कुठे आहेत?"

ती तोंड उघडायच्या आत तिच्या शेजारणीने आपली बोटं बाहेर काढून ॲप्रनला पुसली. "मॅडम, तिला न्हाई जमत. जबडा आखडलाय तिचा. दिवाळीपासनं मीच ट्रीटमेंट द्यायलेय."

शेजारीण म्हणजे तरन्नुम मुलाणी, मोहोळची. हिच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि मनात काही ठेवायची सवयही नव्हती. गप्प बसलेली ती महानंदा हत्तुरे, बार्शीची. आजीचं नाव जसंच्या तसं चिकटवलेलं, म्हणून वर्गाने तिची नंदा करून टाकली होती. दोघी हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या. तरन्नुमने मला मोठ्या उत्साहाने सगळं समजावलं. कानापुढचा जबड्याचा सांधा ताठरलाय, रोज संध्याकाळी गरम शेक, मग मालिश, मग तोंड उघडायचे व्यायाम. बाकीच्या मुलांनीही नंदावर हात बसवून घेतला होता. त्या सांध्याचं प्रात्यक्षिक आलं की मॉडेल म्हणून नंदाच पलंगावर आडवी व्हायची.

"मग, पडतोय फरक?"

"कुठला मॅडम. आधी अडीच बोटं जायची, आता दोनच जात्यात. व्यायामच नीट करत न्हाई ही. सांगून सांगून थकले मी."

नंदाने मान खाली घातली. आपल्याला रागावतात ते बरोबरच आहे, असा तिचा चेहरा होता.

"आत कोणी पाहिलंय?" मी विचारलं.

"आत म्हंजे?"

"तोंडाच्या आत. टॉर्च लावून."

तरन्नुमने माझ्याकडे, मग नंदाकडे बघितलं. तिला खरंच काही कळलं नव्हतं. "पण मॅडम," ती म्हणाली, "सांधा तर बाहेर असतो."

मी नंदाला म्हटलं, बघू जरा. तिने मान हलवली. नको, मॅडम, आज डोकं दुखतंय. तेवढं बोलताना तिच्या ओठांचे कोपरे ताणलेले मला दिसले. त्या कॉलेजात सांध्याच्या आजारांवर बोलणारी चाळीस तोंडं होती आणि त्यातलं एक हळूहळू मिटत चाललेलं कुणालाच दिसलं नव्हतं. फिजिओथेरपीवाल्यांच्या हाती काहीही ताठ लागलं की तो सांधा नाहीतर स्नायू, हे त्यांना दुधाच्या दातांपासून शिकवलेलं असतं.

आता मी तिथे कशी जाऊन पडले ते सांगते. सोलापूरच्या बाहेर आमच्या संस्थेची दोन कॉलेजं एकाच आवारात होती, एक दातांचं, जिथे मी शिकवायचे, आणि एक फिजिओथेरपीचं. मध्ये स्कूटरचा स्टँड आणि कँटीन. वर्षानुवर्षं इकडचं माणूस तिकडे फिरकत नसे. एकदा त्यांचे प्राचार्य सोनटक्के सर चहा पिताना सहज म्हणाले, की त्यांच्याकडच्या अर्धांगाच्या एका आजोबांच्या तोंडाला फार घाण येते, विद्यार्थी जवळ जायला कंटाळतात. मी कप तसाच ठेवून वॉर्डात गेले. आजोबांच्या लुळ्या गालात जुना भात अडकून सडला होता, खाली हिरडी सोलवटली होती. त्यांचा हात उचलायला आणि पाय वाकवायला रोज एक विद्यार्थी येत होता आणि तोंडाकडे बघायला कुणीच येत नव्हतं.

माझा मूळचा स्वभाव तापट. माझ्या माहेरी, केळुसकरांच्या घरात हळू बोलणारा माणूस जन्मलाच नाही, असं माझे सासरे कौतुकाने म्हणायचे. परत येऊन मी सरांना कँटीनमध्येच सुनावलं. तुमची मुलं रोज अर्धा अर्धा तास रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतात. मला तो रुग्ण जन्मात एकदा भेटला तर नशीब. त्यांना एक टॉर्च द्या आणि गाल बाजूला करून बघायला शिकवा, एवढं काय अवघड आहे? सरांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "मग तुम्हीच शिकवा." तोंड चालवण्याचं बक्षीस म्हणून मला शनिवारचा तास मिळाला.

मुलांना तो तास अजिबात नको होता. वर्गप्रतिनिधीने अदबीने विचारलं, की मॅडम, आम्ही आता दातही काढायचे का? मी म्हटलं, बाबा रे, दात काढायला आम्ही जिवंत आहोत. तुम्ही फक्त बघायचं, काय दिसलं ते सांगायचं आणि आमच्याकडे पाठवायचं. रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. पांढरं दिसलं तर पांढरं म्हणा, लाल दिसलं तर लाल, खरखरीत लागलं तर खरखरीत. हा एकच नियम मी फळ्यावर लिहिला होता आणि तो पुसू दिला नाही.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. ही मुलं एकमेकांच्या अंगावर शिकतात. अर्ध्या चड्डीत पलंगावर पडायचं, पाठीचे मणके दुसऱ्याला मोजू द्यायचे, मांडीचा स्नायू दाबून घ्यायचा, यात त्यांना काडीचा संकोच नाही. पण तोंड उघड म्हटल्यावर सगळी लाजाळू झाली. मुली रुमाल शोधायला लागल्या. एक चांगला उंचापुरा मुलगा म्हणाला, मॅडम, सकाळी दात नीट घासले नाहीत. तोंडाच्या आत आपलं सगळं घर दिसतं, काय खातो, काय लपवतो, कुठे आळस केला, म्हणून लाज वाटत असावी. शेवटी मीच ॲप्रन सावरून त्यांच्या पलंगावर आडवी झाले आणि म्हटलं, या, एकेक करून माझं बघा. दातांच्या डॉक्टरणीच्या तोंडात इतक्या भरलेल्या दाढा बघून त्यांना जो आनंद झाला, तो मला अजून आठवतो. त्यानंतर गाडी रुळावर आली.

नंदा मात्र हाताला लागत नव्हती. पुढच्या तासाला ती दुसऱ्यांना टॉर्च धरायचं काम मागून घेऊन उभी राहिली. त्याच्या पुढच्या तासाला आलीच नाही. मी तिला सरळ ओढून माझ्या ओपीडीत न्यावं असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी स्वतःला आवरायचे. वीस वर्षांची मुलगी. तिचं तोंड तिचं होतं.

एका दुपारी ती कँटीनमध्ये एकटी जेवताना सापडली. मी समोर जाऊन बसले. तिच्या ताटात नुसता दहीभात होता. टेबलावर शेंगाचटणीची वाटी भरलेली, तिला तिने हात लावला नव्हता. बार्शीची मुलगी आणि चटणीशिवाय जेवते, हे मला बघवेना. मी वाटी तिच्याकडे सरकवली.

"नको मॅडम. पित्त आहे."

"झोंबते का?"

तिने घास तोंडापाशी नेला आणि थांबवला. चमचा आडवा जात नव्हता, ती तो तिरका करून आत सरकवत होती. माझ्या नजरेला ते दिसलं, हेही तिला कळलं.

"सांधा आखडला म्हणून चटणी झोंबत नाही, नंदा," मी म्हटलं.

"मॅडम, सांध्याचंच आहे ते." ती हळू पण ठाम बोलली. "तुम्ही बघू नका. प्लीज."

"मी नको तर कुणी बघायचं?"

ती ताट उचलून निघून गेली. ती भित्री नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. आत काय आहे ते तिला माहीत होतं आणि ते कुणी मोठ्याने म्हणू नये म्हणून ती जिवाच्या आकांताने दार धरून उभी होती. का, ते मात्र मला कळेना. रात्री नवऱ्यापाशी मी चिडचिड केली, तो म्हणाला, अगं तू शिकवायला गेलीस ना, मग शिकव. नवऱ्याचं म्हणणं मला सहसा पटत नाही, पण त्या दिवशी पटलं.

पुढच्या शनिवारी मी सगळी चित्रं, तक्ते बाजूला ठेवले आणि फक्त गाल शिकवला. एक बोट आत, अंगठा बाहेर, आणि दोन्हीच्या मध्ये गाल हलकेच फिरवायचा. चांगला गाल पुरणपोळीच्या कणकेसारखा मऊ लागतो. रंग गुलाबी असतो. मग मी सुपारीबद्दल बोलले. गुटख्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण नुसती साधी सुपारी, जेवणानंतरची, सुगंधी, घरचे मोठेच हातावर ठेवतात ती, तीही वर्षानुवर्षं गालात राहिली तर गालाची आतली बाजू हळूहळू पांढुरकी पडते, तिखट झोंबायला लागतं, आत ताठ दोऱ्यासारखं काहीतरी तयार होतं आणि तोंड उघडेनासं होतं. पुढे कधी कधी तिथेच कर्करोग होतो. पण तीन बोटांची दोन झाली तेव्हा सापडलं आणि सुपारी थांबली, तर पुढचं बरंच काही अडवता येतं. आणि तोंड उघडायचे व्यायाम आम्हा दातवाल्यांपेक्षा तुम्हाला चांगले येतात, एवढंही मी सांगितलं. सबंध वेळ मी खिडकीकडे बघितलं नाही.

"चला, जोड्या करा."

खुर्च्या सरकल्या. तरन्नुमने हातमोजे चढवले आणि नंदासमोर स्टूल ओढून बसली. मी दोन बाक पलीकडे एका मुलाचा हात धरून त्याला अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवत होते, पण माझे कान तिकडे होते.

"बस," तरन्नुम म्हणाली.

"तू माझं नको. मी तुझं बघते."

"नंदे, दिवाळीपासनं रोज दाबायलेय मी तुझा जबडा. बोटं दुखून येत्यात माझी. तू व्यायाम करत न्हाईस म्हणून तुला शिव्या घातल्या." तिचा आवाज खाली आला. "मला आत बघू दे. मी दुसरं काही बोलत न्हाई. दिसलं तेवढंच सांगते."

नंदाची खुर्ची करकरली. मग टॉर्चची कळ वाजली. मी मान वळवली. नंदा खुर्चीत डोकं मागे टेकून बसली होती, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरलेल्या. तरन्नुमने बोट आत सरकवलं, अंगठा बाहेर टेकवला आणि गाल फिरवला. मग दुसरा गाल. तिचं सारखं हलणारं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद झालं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मानेने खुणावलं, सांग.

"दोन्ही गाल पांढुरके आहेत," तरन्नुम म्हणाली. फळ्यावरचा नियम तिने अक्षरशः पाळला. "डाव्या गालात उभं, दोरीसारखं काहीतरी ताठ लागतंय. उजव्यातही आहे, थोडं कमी. तोंड दोन बोटं उघडतंय." एवढं म्हणून ती थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

रोगाचं नाव तिने घेतलं नाही. नंदानेच घेतलं, तेही वेगळ्याच पद्धतीने.

"काकांसारखं," ती म्हणाली.

वर्ग सोडून दिल्यावर आम्ही तिघी तिथेच बसून राहिलो. नंदाच्या वडिलांचं बार्शीच्या बाजारपेठेत सुपारीचं दुकान होतं. आजोबांपासूनचं. पोती, तराजू, गादी, आणि गादीवर दोघे भाऊ, मोठे काका आणि धाकटे अप्पा, म्हणजे नंदाचे वडील. नंदा शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायची, सुट्टीत दिवसभर. माल चांगला आहे का ते बघायला तोंडात सुपारीचं खांड टाकायचं, ही दुकानाची रीतच होती. ती सुपारी खाते असं घरात कुणी म्हटलंच नसतं, इतकी ती सवयीची होती. नंदा सहावीत असताना काकांचं तोंड मिटायला लागलं. आधी भाकरी बंद झाली, मग भात, मग पेज. शेवटी नळीने पाणी. अप्पा दुकान नोकरांवर टाकून भावाला वाटीने भरवायचे, सांडलं की पुसायचे, पुन्हा भरवायचे. काका गेले तेव्हा अप्पांनी दोन दिवस काही खाल्लं नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गादीवर जाऊन बसले. त्यानंतर घरात त्या आजाराचं नाव कुणी काढलं नाही.

"मला दिवाळीतच कळलं होतं, मॅडम," नंदा म्हणाली. "तरन्नुम म्हणाली सांधा आहे, तर मला इतकं बरं वाटलं. सांधा असला तर अप्पांना सांगायची गरजच नाही ना. त्यांनी हे एकदा बघितलंय. आता पुन्हा माझं बघायला लावू?"

मी तापट आहे तशी रडवीही आहे. मी त्या दिवशी तरन्नुमपेक्षा जास्त रडले.

ओपीडीत रीतसर तपासणी झाली. माझा अंदाज खरा होता, आणि वेळही हातातून गेलेली नव्हती. नंदाने सुपारी सोडते म्हणून शब्द दिला, घरी मात्र काही सांगणार नाही म्हणाली. शिवरात्रीला ती घरी गेली आणि परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. दुकानात बसल्यावर हात आपोआप पोत्यात गेला होता. जेवणानंतर अप्पांनी स्वतः अडकित्त्याने कातरून हातावर ठेवली, ती नाही म्हणू शकली नाही. "घरात सांगितल्याशिवाय हे सुटणार नाही," तिचं तिनेच ठरवलं. तिने फोन करून अप्पांना बोलावून घेतलं, आणि तुम्ही फक्त शेजारी बसा, बोलेन मीच, असं मला बजावलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मला स्वतःला गोष्ट ऐकताना माणूस वाचलं की नाही ते कळेपर्यंत चैन पडत नाही. नंदा आज बार्शीत आहे. तिचं तोंड पूर्ण तीन बोटं कधीच उघडलं नाही, ते उघडत नसतंच, पण दोनाच्या खालीही गेलं नाही. व्यायाम तिने इतके चिकाटीने केले की तरन्नुम तिच्या नावाने बोटं मोडायची थांबली. अजून दर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासणीला येते. तिच्याकडे गुडघा धरून आलेली म्हातारी असो की पाठ धरून आलेला हमाल, आधी टॉर्च निघतो. तिने पाठवलेले किती रुग्ण आमच्या ओपीडीत आले ते मी मोजलेलं नाही, पण चिठ्ठीवर रोगाचं नाव कधीच नसतं, फक्त काय दिसलं ते असतं. तरन्नुम पुण्याला आहे आणि तिथल्या मुलांना हाच विषय शिकवते. मला मात्र हे सगळं आठवायचं म्हटलं की अप्पा आले ती सकाळ आधी आठवते.

वीरभद्र हत्तुरे माझ्या ओपीडीच्या दारात चपला काढूनच आत आले. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, कपाळावर विभूती. अंगाने मोठा माणूस, पण खुर्चीच्या टोकावर बसला. मी मनात मोठी तयारी करून ठेवली होती. व्यापारी माणूस, आपल्या मालाची बदनामी ऐकून भडकेल, मग त्याला कसं गप्प करायचं त्याचं सगळं भाषण माझं पाठ होतं. त्यातला एक शब्दही मला वापरावा लागला नाही.

नंदा उभी राहून बोलली. रडली नाही, अडखळलीही नाही. अप्पा, माझे दोन्ही गाल आतून पांढुरके झालेत. डाव्या गालात दोरी लागते. तोंड दोन बोटं उघडतंय. तिखट झोंबतं. हे सुपारीनं झालंय. मी थांबवलं तर आहे तिथं राहील, मॅडम म्हणाल्यात. मला दुकानात बसून थांबवता येत नाही. एवढंच.

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंडावरून घाम पुसला. नजर खालच्या फरशीवरच होती.

"दादाला वारं गेलं म्हणायचे सगळे," ते म्हणाले. "जबड्यातनं वारं गेलंय, शेक द्या. आम्ही शेक दिला. वाळूचा दिला, विटेचा दिला, तेल चोळलं. वरीसभर शेकत बसलो." त्यांनी मान वर केली. "आत कुणी बघितलंच न्हाई बघा. बघावं असं वाटलंबी न्हाई."

दाराशी उभी असलेली तरन्नुम चटकन बाहेर गेली. तिने नंदाला दिलेले शेक मला आठवले.

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात अप्पा उठले. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन त्यांनी चूळ भरली. गालात होतं नव्हतं ते सगळं बोटाने काढून टाकलं, पुन्हा चूळ भरली, पुन्हा एकदा. मग येऊन रुग्णाच्या खुर्चीत बसले.

"बघ," ते नंदाला म्हणाले.

"अप्पा, मॅडम बघतील."

"मॅडमना कशाला तरास. तू शिकलीयास न्हवं?"

नंदाने माझ्याकडे बघितलं. मी दिव्याची मान खाली ओढून दिली आणि बाजूला झाले. तिने हात धुतले, मोजे घातले. मोजा तिच्या बोटात नीट जाईना, दोनदा काढून घालावा लागला. मग तिचा आवाज एकदम बदलला, दवाखान्यातला झाला.

"तोंड उघडा, अप्पा. जमेल तेवढं. दुखलं तर हात वर करा."

तिने ओठ बघितले, हिरड्या बघितल्या, जीभ वर करायला लावली. उजवा गाल, डावा गाल. मी शिकवलं होतं त्याच क्रमाने, कुठे घाई नाही. शेवटी तिने मोजे काढले.

"उजव्या गालात, मागच्या दाढेपाशी, पांढरा चट्टा आहे," ती म्हणाली. "पुसून जात नाही. खरखरीत लागतोय. बाकी गाल मऊ आहे. तोंड तीन बोटं उघडतंय."

मी बघितलं. होतं तसंच होतं. त्याचा तुकडा काढून तपासला तेव्हा धोक्याचं काही निघालं नाही, आणि सुपारी सुटल्यावर पुढे तो चट्टा पुसट होत गेला. पण त्या क्षणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांनी फक्त मान हलवली, जसा काही मालाचा भाव ऐकला.

"आता तुझं दाखव," ते खुर्चीतून उठत म्हणाले.

नंदाने कॉलेजभर सगळ्यांपासून लपवलं त्याचं कारण समोर उभं होतं. मग ती खुर्चीत बसली आणि टॉर्च तिने वडिलांच्या हातात दिला.

कुठे बघायचं ते त्यांना काही कळत नव्हतं. पोत्याच्या तळाचा माल बघायला वाकावं तसे ते वाकले. नंदाने उघडेल तेवढं तोंड उघडलं, डोळे मिटले, आणि अप्पा बघत राहिले. आपल्या मुलीच्या तोंडात त्यांनी याआधी बघितलं असेल ते ती दुधाचे दात पाडत होती तेव्हा. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मी हात पुढे केला.

त्यांनी टॉर्च बंद केला आणि आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"दादाचं आम्हाला कळलं तवा चमचाबी जात नव्हता," ते म्हणाले. "हिचं उघडतंय की अजून. वेळ हाय न्हवं, मॅडम?"

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे."

ते पुन्हा वळले. नंदाने तोंड अजून उघडंच धरलं होतं. वडील बघतायत तोवर मिटायचं नाही, असं तिने बहुतेक मनाशी ठरवलं असावं. जबडा थरथरत होता, मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. अप्पांनी तिच्या हनुवटीखाली आपला मोठा हात धरला.

"मिट बाई आता," ते म्हणाले. "बघितलं मी."